एकतीस नंबरच्या तळ्यावरची दवंडी

१

गेल्या उन्हाळ्यात मी दर दहा दिवसांनी अठ्ठेचाळीस तळ्यांचे फोटो काढत होते.

जपानच्या सेतो समुद्राकडच्या टेकड्यांमध्ये पाऊस मुळात कमी. भातासाठी तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी प्रत्येक घळीत बांध घालून तळी केली. आता भात लावणारे म्हातारे झालेत, त्यांची मुलं ओसाकाला, तोक्योला गेलीत आणि तळी तेवढी मागे राहिलीत. त्या वर्षी उन्हाळ्याआधीचा, जूनमधला पावसाळा पंधरा दिवसांत आटोपला. ही तळी आणि त्यांना पाणी आणणारे ओहोळ कसकसे आटत जातात, याची नोंद ठेवणं हे क्योतोच्या विद्यापीठातलं माझं काम. कंत्राट मार्चपर्यंतचं होतं. पुढचं कोणी काही बोलत नव्हतं.

कामात कला काही नव्हती. प्रत्येक तळ्याच्या बांधावर आम्ही एक लोखंडी खुंटी ठोकलेली. तिच्यावर ट्रायपॉड लावायचा, कॅमेरा दीड मीटर उंचीवर, दिशा ठरलेली, पाण्याची उंची दाखवणारी गेजपट्टी चौकटीत आली पाहिजे. तीन फोटो, वहीत नोंद, गाडीत बसायचं, पुढचं तळं. पहिल्या दिवशी चोवीस, दुसऱ्या दिवशी चोवीस. मधली रात्र हायवेजवळच्या एका स्वस्त हॉटेलात.

मी दमले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात याचा वाटा आहे.

जुलैच्या शेवटी बाबा आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. वय शहात्तर. विश्वनाथ नाव, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. सगळी नोकरी सांगोला, जत, माण अशा कोरड्या तालुक्यांत काढलेली. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुण्यात ते माझ्या धाकट्या भावाकडे, केदारकडे असतात. केदार फोनवर म्हणाला होता, "ताई, तीन महिने तरी तू बघ. आम्हालाही जरा श्वास घेऊ दे."

क्योतोतल्या माझ्या एका खोलीच्या घरात त्यांना दिवसभर ठेवणार कुठे? मी त्यांना तळ्यांवर घेऊन जायला लागले. तिथे मात्र ते खुलायचे. बांधावर पाय ठेवल्या ठेवल्या म्हणायचे, "पिचिंग बघ कसं हाताने बसवलंय एकेक दगड. आणि सांडवा! आमच्या काँट्रॅक्टरला आणून दाखवायला पाहिजे होता." मग हातात ब्रश घेऊन उतारावरून जपून खाली जायचे, गेजपट्टीवरचं शेवाळ घासायचे आणि आकडा ओरडून सांगायचे. मी वहीत लिहायची. त्यांच्या डाव्या कानात यंत्र होतं, ते मधूनच शिटी मारायचं. मग ते हात वर नेऊन दोन बोटांनी ते दाबायचे.

२

एकतीस नंबरचं तळं दरीच्या अगदी शेवटाला आहे. रस्ता तिथे संपतो. पाच घरं, त्यातली चार बंद, दारांवर वेली चढलेल्या. तळ्याच्या पलीकडच्या काठाला बांबूचं रान, तिकडे जायला वाट नाही. बांधाच्या टोकाला एक उंच खांब आणि त्यावर चार दिशांना तोंडं केलेले कर्णे. असे खांब जपानमध्ये प्रत्येक वस्तीत असतात. भूकंपाची सूचना, वणव्याची सूचना, संध्याकाळी पाचला मुलांनी घरी जावं म्हणून एक धून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, मी कॅमेऱ्याची पातळी बघत असताना कर्णे खरखरले. मग बाईचा आवाज आला. दरीत आवाज घुमून शब्दांत शब्द मिसळतात म्हणून सूचना वाचणाऱ्या बायका प्रत्येक तुकड्यानंतर थांबतात.

"नागरिकांना विनंती. आज सकाळपासून. एक वृद्ध गृहस्थ. बेपत्ता आहेत. वय शहात्तर. उंची एकशे बासष्ट सेंटिमीटर. बांधा सडपातळ. अंगात आकाशी शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. डोक्यावर करडी टोपी. कोणाला दिसल्यास. पोलिसांना कळवावे."

हे असं जपानमध्ये आठवड्यातून एकदा तरी कुठे ना कुठे ऐकू येतं. म्हातारी माणसं घराबाहेर पडतात आणि परतीची वाट विसरतात. मी ऐकलं आणि सवयीने सोडून दिलं. मग खाली पाहिलं. बाबा गेजपाशी उकिडवे बसून पट्टी घासत होते. आकाशी शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. करडी टोपी मीच त्यांना घेऊन दिली होती.

"काय गं, दवंडी कसली?" त्यांनी खालून विचारलं.

"कोणीतरी हरवलंय, बाबा. एक आजोबा."

"अरेरे. सापडतील," ते म्हणाले. "एक पॉइंट आठ चार. लिहिलंस?"

सूचना दुसऱ्यांदा वाचली गेली. पलीकडच्या टेकडीवरून तिचा प्रतिध्वनी परत आला आणि 'करडी टोपी' हे शब्द दोनदा ऐकू आले.

परतताना गाडी चालवत मी स्वतःला समजावलं. ह्या देशात शहात्तर वर्षांच्या सडपातळ म्हाताऱ्यांची काय वाण आहे? आकाशी शर्ट आणि करडी टोपी हा तर त्यांचा गणवेशच. रात्री घरी पोचल्यावर तिथल्या नगरपालिकेचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. बेपत्ता व्यक्तींच्या सूचना तिथे तारखेनुसार असतात. त्या दिवशीची एकही नव्हती. कोणी टाकायला विसरलं असेल, म्हटलं.

३

घरचे दिवस तळ्यांवरच्या दिवसांसारखे नव्हते.

बाबा पहाटे चारला उठायचे आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी काहीतरी शोधायचे. काय शोधताय विचारलं तर गोंधळायचे. आईने ठेवलेली शेंगदाण्याची चटणी कुठे आहे, असं एकदा म्हणाले. सांगोल्याच्या दुष्काळात रात्रभर टँकर कसे भरून घेतले, ती गोष्ट जेवताना सांगायचे आणि ताट उचलायच्या आत परत सुरू करायचे. कचरा जळणारा, न जळणारा, प्लास्टिक असा वेगळा करायचा असतो; ते केळ्याच्या साली बाटल्यांच्या पिशवीत टाकायचे. शेजारच्या बाईंनी दारावर अगदी नम्र भाषेत चिठ्ठी लावली. नम्र होती म्हणूनच जास्त लागली.

एकदा मी ओरडले. "बाबा, पन्नास वेळा सांगितलंय मी तुम्हाला!"

ते म्हणाले, "हो गं. चुकलंच. तू दमतेस माझ्यामुळे."

"तसं नाही, बाबा."

पण तसंच होतं. त्या रात्री केदारचा फोन आला, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात नळ सोडून बसले आणि मनात अगदी स्पष्ट शब्दांत म्हटलं: कोणीतरी यांना घेऊन जावं. नीट, प्रेमाने, पण घेऊन जावं.

असं वाटणारी मी काही पहिली मुलगी नसेन. पण हे मी म्हटलं होतं, हे मला इथे सांगायला हवं.

४

पुढच्या फेरीला मी त्यांना मुद्दाम सायीच्या रंगाचा बुशशर्ट घालायला लावला. टोपीच्या जागी छत्री दिली. स्वतःवरच हसू येत होतं. संशोधक म्हणवणारी बाई, आणि शर्ट बदलते.

एकतीस नंबरच्या तळ्यावर आलो तेव्हा बांधावर मोरिमोतो-सान होते. त्या दरीत उरलेलं एक घर त्यांचं. ऐंशीच्या पुढचे, तळ्याच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाचा गाळ वाळून त्याच्या खपल्या वर वळल्या होत्या.

अकरा वाजले आणि कर्णे खरखरले.

तीच बाई. तोच थांबत थांबत बोलणारा आवाज. वय शहात्तर. उंची एकशे बासष्ट. "अंगात सायीच्या रंगाचा शर्ट. हातात काळी छत्री. डाव्या कानात श्रवणयंत्र. त्यांना जपानी भाषा. समजत नाही."

माझ्या हातातली वही खाली पडली. मी ती उचलली.

"मोरिमोतो-सान," मी म्हटलं, "ही सूचना... तुम्हालाही ऐकू आली ना?"

"आली ना," ते म्हणाले. "शोधताहेत. सापडेपर्यंत सांगत राहतील."

"पण हे कोण?"

खाली गेजपाशी बाबा छत्री मिटून, ती गाळात रोवून उभे होते. मोरिमोतो-सान त्यांच्याकडे बघत होते. "ते तुमच्याकडचे का?"

"माझे वडील आहेत."

"असं होय," ते म्हणाले. मग बाबांच्या दिशेने कमरेत वाकले. रोजचा नमस्कार करतात तसे नाही. आजारी माणसाला भेटून निघताना वाकतात तसे, खूप वेळ. बाबांनी खालून हसून हात जोडले.

"या वर्षी पाणी कमी आहे," जाता जाता ते म्हणाले, "त्यामुळे त्यांना शोधायला बरं पडतं."

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "आज पण दवंडी? अजून सापडले नाहीत का ते आजोबा?"

"नाही अजून."

"घरचे लोक किती काळजीत असतील," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

५

एक गोष्ट मला पटकन सुचली नाही, ती क्योतोला परतल्यावर सुचली. कोणाला शोधत असतील तर शोधणारे दिसले पाहिजेत.

प्रयोगशाळेत दुपारी कोणी नसताना मी एकतीस नंबरचे सगळे फोटो ओळीने उघडले. पलीकडचा काठ प्रत्येक फोटोत होता: गाळ, मग दगड, मग बांबू. मोठं करत नेलं. ताज्या फोटोत बांबूच्या सावलीत पिवळसर ठिपके होते. अजून मोठे केले. चकाकणारी जाकिटं. सात किंवा आठ माणसं. हातात लांब काठ्या, गाळ चाचपायला असतात तशा.

मला हायसं वाटलं. खरंच सांगते. म्हणजे खरोखर कोणी हरवलं होतं, गावचे स्वयंसेवक खरोखर शोधत होते, आणि मला उन्हात ते दिसले नव्हते एवढंच. डाव्या कानातलं यंत्र? या वयात कोणाला नसतं. जपानी समजत नाही? इथे कोरियन म्हातारे असतात, ब्राझीलहून आलेले असतात. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. सगळ्या खुणा एकाच माणसाला लागू पडत होत्या, तेवढं सोडून.

मग आधीचा फोटो पाहिला. त्यातही होते, जरा मागे, बांबूच्या आत. त्याच्या आधीचाही पाहिला. एकही जण खाली, गाळाकडे बघत नव्हता. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे होती.

सगळ्यात जुना फोटो जूनच्या बारा तारखेचा. तेव्हा तळं सांडव्यापर्यंत भरलेलं. बाबांचं तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या फोटोत पलीकडच्या काठाला, पाण्याला लागून, ते रांगेत उभे होते. काठ्या हातात नव्हत्या, आडव्या ठेवलेल्या होत्या. नुसते उभे होते. बसची वाट बघत लोक उभे राहतात तसे.

मी संगणक बंद केला. बाहेर सायकली लावायच्या जागेत दोन मुली कशावरून तरी हसत होत्या. त्यांच्याजवळ थोडा वेळ उगीचच उभी राहिले.

६

सप्टेंबरच्या पहिल्या फेरीला मी बाबांना घरी ठेवलं. डबा करून ठेवला, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, दाराला आतून मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी लावली: 'बाहेर जाऊ नका. मी उद्या संध्याकाळी येते.' शेजारच्या बाईंनी दोनदा डोकावून जायचं कबूल केलं.

"मला नेत नाहीस?" त्यांनी विचारलं.

"ऊन फार आहे, बाबा."

"मी उन्हातच नोकरी केली," ते म्हणाले. पण वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी एकतीस नंबरच्या तळ्यावर मी एकटीच उभी राहिले. गेजचा आकडा दुर्बिणीतून वाचला. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. कर्णे गप्प होते. पलीकडे बांबू नुसता सळसळत होता. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच गवतावर बसले.

तेव्हा फोन वाजला. क्योतो स्टेशनजवळच्या पोलीस चौकीतून होता. एक परदेशी वृद्ध गृहस्थ फलाटावर बसलेले आढळले, खिशात तुमचं कार्ड आहे.

सतरा तळी सोडून मी परत फिरले. चौकीत बाबा स्टुलावर बसले होते. पुढ्यात कोणीतरी दिलेला गार चहा. गुडघ्यावर गेज घासायचा ब्रश. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, साइटवर जायचंय. तू पुढे गेली असशील. कुठली गाडी ते कळेना."

"असू दे, बाबा."

"मी एकटा बसून काय करू गं तिथे? त्या खोलीत?"

तरुण पोलीस नोंद करत होता. त्याने अगदी आदराने एकेक गोष्ट विचारली. वय? शहात्तर. भाषा? जपानी समजत नाही. श्रवणयंत्र? डाव्या कानात. उंची?

"एकशे बासष्ट," मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं, की बाबांची उंची मला कधीच माहीत नव्हती. ती मी कर्ण्यावर ऐकली होती.

७

त्यानंतर त्यांना मागे ठेवणं शक्य नव्हतं. एकतीस नंबर यादीतून गाळायचं असं मी ठरवलं होतं. पण तेच सगळ्यात मोठं तळं. प्राध्यापकांना त्याच्याच आटण्याचा शेवटचा टप्पा हवा होता. त्यांनी दोनदा आठवण केली. बाबांना गाडीतच बसवायचं, काचा लावून, आणि मी पाच मिनिटांत तीन फोटो काढून यायचं, असं मनाशी ठरवून सप्टेंबरच्या अखेरीला आम्ही गेलो.

तळं जवळजवळ संपलं होतं. मधल्या खड्ड्यात खाटेएवढं पाणी, त्याच्या कडेला सगळ्यात खालची गेजपट्टी. बाकी सगळा गाळ, भेगाळलेला, वर पांढरट. मोरिमोतो-सानांच्या घराची दारं लावलेली होती.

मी ट्रायपॉड उघडत होते तेव्हा गाडीचं दार वाजलं.

"बाबा, आत बसा!"

"अगं, मृतसाठा आहे हा. असा आकडा परत मिळायचा नाही," ते म्हणाले आणि ब्रश घेऊन उतार उतरायला लागले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी त्यांना अडवलं नाही. हे खरं कारण आहे का? माहीत नाही. ट्रायपॉडचा एक पाय अडकला होता आणि तो सोडवून त्यांच्यामागे धावायचा मला कंटाळा आला होता, हेही खरं आहे.

गाळाची खपली त्यांच्या पायाखाली कुरकुर वाजत होती. तो आवाज मला बांधावर ऐकू येत होता. मग तो थांबला. मी वर पाहिलं. ते गेजपाशी पोचले होते, माझ्याकडे पाठ करून वाकलेले.

कर्णे खरखरले.

"नागरिकांना कळवण्यात येते. यापूर्वी सूचना दिलेले. बेपत्ता वृद्ध गृहस्थ. सापडले आहेत. ते सुखरूप आहेत. सहकार्याबद्दल. आपले मनापासून आभार."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सापडले. म्हणजे ते दुसरेच कोणी होते. दोन महिने मी उगीच जीव जाळत होते. मी हसले आणि पहिला फोटो घेण्यासाठी डोळा कॅमेऱ्याला लावला.

चौकटीत बाबा होते, गेजपट्टी होती, आणि त्यांच्या मागे, पलीकडच्या काठाला, पिवळी जाकिटं घातलेली माणसं होती. ती बांबूकडे निघाली होती. त्यांच्या मधोमध एक म्हातारा माणूस चालत होता. त्या उन्हात त्याच्या खांद्यावर कोणीतरी घोंगडी पांघरली होती. एकाने त्याचं कोपर धरलं होतं, अगदी जपून, म्हाताऱ्या माणसांना जिना उतरवताना धरतात तसं. चालता चालता त्या माणसाने हात वर नेला आणि डाव्या कानाशी दोन बोटं दाबली.

मी डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी उन्हाच्या झळांत पिवळे ठिपके तेवढे दिसत होते. दोनशे पावलं असतील.

"बाबा!" मी ओरडले. अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले. "बाबा!"

गेजपाशी वाकलेला माणूस हलला नाही.

मी परत डोळा कॅमेऱ्याला लावला. पलीकडचा थांबला होता. त्याने मान फिरवली. चेहरा दिसला नाही मला, तेवढ्या अंतरावरून दिसणं शक्य नव्हतं. पण त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. बाबांना आवाज ऐकू येतो पण कुठून ते कळत नाही, तेव्हा ते असेच बघतात.

कोपर धरलेल्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ती सगळी पिवळी जाकिटं माझ्याकडे वळली आणि एकदम, कमरेत, वाकली.

मी जाऊ शकले असते. खाली उतरायचं, गाळ तुडवत पलीकडे जायचं. दोनशे पावलं. पुष्कळदा मी ती मनात चालून पाहिली आहेत. त्या वेळी मी काय केलं, तर उभी राहिले. वेडेपणा आहे हा, असं मनात आलं. उन्हाचा त्रास आहे. वडील समोर उभे आहेत, बोट दाखवावं इतके स्पष्ट, मग धावायचं कोणासाठी? आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी होतं. ते इतकं हळुवार होतं, की मला आधी ओळखूच आलं नाही. सुटल्यासारखं वाटत होतं.

बांबू हलला आणि मग हलायचा थांबला.

"शून्य पॉइंट एक दोन," गेजपासून आवाज आला. ठणठणीत, स्वच्छ आवाज.

ते उतार चढून वर आले. एरवी तीनदा थांबायचे, कंबरेवर हात ठेवून. आज एका दमात आले. ब्रश माझ्या हातात दिला.

"झालं ना? चल," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली. एकतीस नंबरचा त्या तारखेचा फोटो नाही. अहवालात ती जागा कोरी आहे.

८

राहिलेले दिवस छान गेले. असंच म्हणायला हवं. पहाटे चारला कोणी उठलं नाही. कचरा न सांगता वेगळा होत गेला. सांगोल्याच्या टँकरची गोष्ट मी एकदा स्वतःहून काढली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "कठीण दिवस होते." पुढे काही बोलले नाहीत. ऑक्टोबरमध्ये मी त्यांना विमानात बसवलं.

आठवड्याने केदारचा फोन आला. त्याचा आवाज कित्येक वर्षांत असा ऐकला नव्हता. "ताई, तू काय जादू केलीस? काही विसरत नाहीत. चिडचिड नाही. कानातलं यंत्र काढून ठेवलंय, म्हणतात गरज नाही. डॉक्टरसुद्धा चकित झाले."

"काही नाही रे," मी म्हटलं. "फिरवलं फक्त."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"दमलेय."

जानेवारीत मी आठ दिवस पुण्याला गेले. दार त्यांनीच उघडलं, माझी बॅग घेतली. केदारची बायको शिवानी म्हणाली, "बाबा आता घरात आहेत हे कळतसुद्धा नाही." तिला ते चांगल्या अर्थाने म्हणायचं होतं. मी आठही दिवस त्यांना न्याहाळत होते. हातावरचा तीळ होता. चालताना डावा पाय किंचित ओढला जायचा, तोही तसाच. मी मनाशी म्हणत राहिले, की माणूस बरा होतो, आणि बरा झालेला माणूस आपल्याला परका वाटतो, कारण आपल्याला त्याच्या आजाराची सवय झालेली असते. हे अगदी पटण्यासारखं आहे. अजूनही मी स्वतःला हेच सांगते.

निघायच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ते गच्चीत खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"सुचेता," ते म्हणाले, "त्या दिवशी तळ्यावर तू हाक मारली होतीस ना?"

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही वळला नाहीत."

"मला ऐकू आली होती," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. उलट मला धीर द्यावा तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पण ती मला नव्हती मारलेली."